पंप बदलायचा की नाही

माझ्या ट्रकचा डिझेलचा काटा वर्षभर अर्ध्यावर उभा होता. टाकी गच्च भरा, अर्ध्यावर. टाकी कोरडी पाडा, अर्ध्यावर. आमच्याकडे रस्त्यात कोणालाही 'काय म्हणता?' म्हणून विचारलं तर तो 'चाललं आपलं' म्हणतो. त्यावरून तो मुलाच्या नोकरीचे पेढे वाटायला निघालाय की म्हैस हरवली म्हणून शोधतोय, हे काही कळत नाही. माझा काटा त्याच जातीचा. मला त्याचा राग नव्हता. डिझेल किती उरलं हे मी नुसत्या आवाजावरून ओळखतो, असं मी लोकांना सांगत असे. अधूनमधून तो आवाज मला फसवायचा आणि मी कॅन घेऊन रस्त्याच्या कडेला उभा असायचो, पण ते काही मी लोकांना सांगत नसे.

धंदा माझा मंडप-बिछायतीचा. वरवट बकालजवळच्या एका खेड्यात माझं पत्र्याचं गोडाऊन आहे. त्यात लोखंडी पाइप, आडोशाच्या कापडी कनाती, झालरी, गाद्या, खुर्च्या आणि माणूस आत बसून आंघोळ करील अशी पातेली. ट्रक लहान, सहा चाकी. माझ्याकडे आला तेव्हा दोन मालकांना पुरून उरलेला.

मंडपवाल्याच्या हाताला दोन गोष्टी कायम लागतात, सुतळी आणि कापड. त्यामुळे जगातली कुठलीही मोडतोड या दोन गोष्टींनी दुरुस्त होते असा आमचा पक्का समज. ट्रकचा डावा आरसा सुतळीने बांधलेला. सीट फाटली तिथे गादीचा तुकडा शिवलेला. टाकीचं झाकण एकदा डिझेल भरताना मी बंपरवर ठेवलं आणि तसाच निघून आलो. तेव्हापासून टाकीच्या तोंडात झालरीचा बोळा. गुलाबी, सॅटिनचा. त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर सुतळी. आतली जाळीसुद्धा मी काढून टाकली होती, कारण कॅनने डिझेल ओतताना ती फार वेळ खायची. हे सगळं मी स्वतः केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

मग ऐन लग्नं सुरू व्हायच्या तोंडावर ट्रकला नवीन खोड लागली. बरा चालला असायचा, मध्येच धापा टाकायला लागायचा, दोन-चार गचके द्यायचा आणि बंद. चावी फिरवा, नुसता खोकायचा. तसाच उभा ठेवा, खाली उतरा, तंबाखू मळा, त्याच्या आधीच्या दोन्ही मालकांचा उद्धार करा, परत येऊन चावी फिरवा, की एका फटक्यात सुरू! जसं काही झालंच नाही. पुढे काही मैल गेलं की पुन्हा तोच तमाशा. मालक रस्त्यावर उभा आहे, उन्हात आहे, लोक पाहताहेत, एवढी खातरी झाली की मगच याचा राग उतरायचा.

खामगावात आमचे एक जुने मिस्त्री आहेत. वयाने मोठे, म्हणून आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचांचं बोलणं पान्यापेक्षा जास्त चालतं. त्यांनी फिल्टर बदलला, इंजिनाला कान लावला, हाताने दाब देऊन पाहिला आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे पाहतो तसं माझ्याकडे पाहिलं.

"मंडपवाले, पंप गया समजो."

टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडे ढकलणारा एक छोटा पंप असतो, त्याबद्दल ते बोलत होते. तो दमला की इंजिन उपाशी मरतं. शिवाय टाकीच्या आत एक तरंगता फ्लोट असतो. डिझेलवर तो खाली-वर होतो आणि वर काट्याला खबर देतो. या सगळ्या जोडणीला गॅरेजात युनिट म्हणतात.

"अन् युनिट तं कवाचंच मेलं," चाचा म्हणाले. "दोन्ही बदलून टाका. एका खर्चात दोन मयती."

"युनिट कायले, चाचा? काट्याबिगर चालूनच राह्यलं न माहं."

"चालून राह्यलं? मंग गाडी ढकलत काऊन आणली?"

 अडचणीत सापडलो की मी 'विचार करून सांगतो' म्हणतो. तसं म्हणालो आणि घरी आलो.

आता विचार करायला मी रिकामा असतो तर तो मी पावसाळ्यापर्यंत पुरवला असता. पण आठवड्यावर माझ्या भाचीचं लग्न आलं होतं. म्हणजे बायकोच्या भावाच्या मुलीचं. बायकोचं माहेर खामगावच्या पुढे, घाट लागायच्या अलीकडे. मेव्हण्याच्या मनात खामगावच्या मोठ्या डेकोरेशनवाल्याचा मंडप होता. त्याच्याकडे रंग बदलणारे दिवे, नवरा-नवरीसाठी मोराच्या पिसाऱ्याचा कोच, आणि नवरी येताना धूर सोडायचं यंत्र. पण माहेरच्या बैठकीत बायको सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पोरीच्या आत्याच्या घरचा मंडप असताना बाहेरून काऊन आणता? हळदीच्या दिवशी मंडप उभा दिसंन. माहा शब्द आहे."

आमच्यात मांडवाचा पहिला खांब घरच्या जावयाने रोवायचा असतो. मेव्हण्याने तेवढंच धरलं. माझ्याकडे न पाहता, वर आढ्याकडे पाहत म्हणाला, "पह्यला खांब जवाईबुवाईनंच रोवावा. मान आहे त्यायचा. बाकीचे खांब खामगाववाल्याले रोवू द्या."

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं विनोद आहे. बायको हसली नाही. तिला कळलं होतं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "आता तुमचा मंडप पडला तरी चालंन, पण पोचला पाह्यजे."

म्हणजे प्रश्न ट्रकचा राहिलाच नव्हता. हळदीच्या संध्याकाळी तो मंडप उभा नसता, तर बायकोला पुढची वीस वर्षं माहेरच्या प्रत्येक कार्यात मागच्या दाराने आत जावं लागलं असतं. पंप बदलायचा की नाही, याचा निर्णय मात्र माझ्याकडे. आणि माझा निर्णय म्हणजे काय, तर मी ओट्यावर बसून दोन्ही बाजूंनी इतकं चांगलं बोलतो की शेवटी मलाच कोणाचं पटावं ते कळत नाही.

बदलावा, असं मन म्हणे. मग दुसरं मन म्हणे, पंप खराब असता तर ट्रक परत सुरू कसा झाला असता? मेलेला माणूस दहा मिनिटं पडून राहिला आणि उठून जेवला, असं कुठे होतं का? शिवाय तेवढ्या पैशात नव्या कनाती येतील. कनाती लोकांना दिसतात. पंप कोणाला दिसतो? पाहुणे काय बॉनेट उघडून जेवायला बसतात?

"हो जी," बायको कांदे चिरता चिरता म्हणाली, "पण पाहुणे मंडपात बसतात, अन् मंडप गाडीत बसते. गाडीच बसली तं?"

"त्याची युक्ती काढली आहे मी."

युक्ती अशी होती. ट्रक काही अंतर चालला की बंद पडतो, आराम मिळाला की सुरू होतो. मग बंद पडायची वाट कशाला पाहायची? तो दमायच्या आधी आपणच थांबायचं. ठरावीक ठिकाणी, आपल्या इज्जतीने, चहाच्या टपरीसमोर. लोकांना वाटेल मंडपवाले चहाचे शौकीन आहेत. ट्रकला वाटेल मालक प्रेमळ आहे. मी रिकामा ट्रक वरवटपर्यंत नेऊन, चहा पिऊन, परत आणून दाखवला. एक गचका नाही! मी फोन करून चाचांना कळवलं की पंप काही बदलत नाही.

"विचार केला?" चाचांनी विचारलं.

"केला."

"मंग ठीक आहे," चाचा म्हणाले आणि फोन ठेवता ठेवता शेजारच्या कोणाला तरी सांगितलं, "दुकानात पंप अन् युनिट सांगून ठेव रे. हे येतेत." मला ते ऐकू आलं. मी ते न ऐकल्यासारखं केलं.

हळदीच्या दिवशी पहाटेच निघालो. मंडप उभारणारी माझी माणसं आदल्या दिवशीच पुढे गेली होती. कॅबिनमध्ये मी आणि बायको. खरं तर तिने मेव्हण्याने पाठवलेल्या गाडीतून जायचं होतं, पण ती पातळ खोचून ट्रकमध्ये चढून बसली. "मंडपाच्या संगंच जाईन मी," ती म्हणाली. "पोचला तं दोघंही पोचू."

वरवटला चहा. पूर्णेच्या पुलाआधी चहा. पुलानंतर पुन्हा, कारण पुलावर मला उगाचच एक गचका बसल्यासारखं वाटलं. शेगावला मंदिराच्या बाजूने जाताना बायकोने गाडीतूनच हात जोडले आणि डोळे मिटून पुष्कळ वेळ काहीतरी मागितलं. मी विचारलं नाही. स्टेशनच्या रस्त्याला परत चहा.

"एवढा चहा तुम्ही मले पाहाले आले तवाही प्याले नव्हते," बायको म्हणाली.

"इंजिन थंड होऊन राह्यलं."

"इंजिन थंड होऊन राह्यलं, माहं डोकं तापून राह्यलं. हळद आजच आहे न?"

पण युक्ती चालत होती, हे तिलाही नाकारता येईना. शेगाव मागे पडलं. मी शीळ घालायला लागलो. आता माझ्या आयुष्यात मी जेव्हा जेव्हा शीळ घातली आहे त्याच्या नंतर काय झालं, हे पाहता ती मी कायमची सोडायला हवी. पण माणूस खुशीत असतो.

खामगावात शिरलो. सरकी भरलेल्या गाड्या, हातगाड्या, बाजाराचा दिवस, माणसाला माणूस घासून चाललेला. इथे थांबायला जागा नव्हती आणि चहाची वेळ झाली होती. म्हणजे ट्रकची. मी म्हटलं, एवढं गाव पार करू. ट्रक म्हणाला, नाही. गचका, गचका, एक लांब उसासा, आणि बंद.

कुठे बंद पडला? सगळं खामगाव पडलं होतं. कापसाचे जिनिंग होते, तेलाच्या गिरण्या होत्या, शाळेचं मैदान होतं. हा पठ्ठ्या बंद पडला तो थेट त्या मोठ्या डेकोरेशनवाल्याच्या दारात. मी मान वळवली तर काचेआड मोराच्या पिसाऱ्याचा कोच माझ्याकडे पाहत होता.

डेकोरेशनवाले बाहेर आले. पांढरेशुभ्र कपडे, खिशाला दोन पेनं. मला वाटलं होतं हसतील. हसले असते तर बरं झालं असतं. ते चांगले निघाले. "या मंडपवाले, सावलीत या. ताईला पाणी द्या रे." मग ट्रकवरचा माल पाहून म्हणाले, "आज कार्य आहे वाटते कुठं. माही मोठी गाडी रिकामीच उभी आहे. तुमचा माल तिच्यात टाका, नेऊन देते माणूस. पैशाचं काई नाई, धंद्यातलेच आपण."

मी त्यांच्या गाडीकडे पाहिलं. गाडीच्या दोन्ही अंगांना, मागे आणि टपावरसुद्धा, त्यांच्या दुकानाचं नाव. अक्षरं एवढी मोठी की ती आधी पोचतात आणि गाडी नंतर. ही गाडी मेव्हण्याच्या दारात उभी राहणार. तिच्यातून माझा मंडप उतरणार. मेव्हणा आढ्याकडे पाहणार. बायकोनेही तेच पाहिलं असावं. पाण्याचा ग्लास तिने न पिताच खाली ठेवला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊच. "कुठंशी आले? माणसं खड्डे खंदून बसले इथं. वऱ्हाडातल्या बाया दुपारीच येऊन राह्यल्या."

"आलो न दादा, खामगावात आहो," ती म्हणाली. आवाज एकदम नीट. फोन ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बोलवा तुमच्या चाचाले."

चाचांना बोलवावं लागलंच नाही. आमचा ट्रक रस्त्यात आडवा पडलाय ही बातमी बाजारातून त्यांच्यापर्यंत आमच्या फोनच्या आधी गेली होती. ते स्कूटरवर आले. पायाशी कागदात गुंडाळलेली दोन पुडकी, एक लहान, एक मोठं.

"पंप," त्यांनी लहान पुडक्यावर हात ठेवला. "अन् हे युनिट. तुमचा विचार झाला असंन तं सांगा."

चाचा थांबले. डेकोरेशनवाले थांबले. मागे हॉर्न वाजवणारे सोडून सगळे थांबले. माझ्या आयुष्यात माझ्या निर्णयासाठी एवढी माणसं ताटकळली नव्हती. मी म्हणालो, "बदला." बायकोने इतका मोठा श्वास सोडला की बाजूची कनात हलली असती.

"पण एक अट आहे," मी म्हणालो.

बायकोने श्वास परत घेतला.

माझी अट अशी की आधी युनिट बदलायचं. पंप नंतर. माझं गणित सरळ होतं. युनिट स्वस्त, पंप महाग. आधी स्वस्तातलं करून पाहू. न जाणो, ट्रकचं तेवढ्याने समाधान झालं तर? पाहुण्याला चहावर निरोप देता येत असेल तर जेवणाचं कशाला विचारायचं?

चाचांनी पाना खाली ठेवला. "काटा बसवून इंजिन चालू होते? लगनात फोटोवाल्याले आणलं की नवरदेव आपोआप येते का?"

आसपासचे हसले. डेकोरेशनवालेही आता मात्र हसले. मी आपला अडून बसलो. खरं सांगायचं तर माझी खातरी नव्हती, पण एकदा चारचौघांत अट घातली की ती मागे घेणं मला जमत नाही. शेवटी बायको म्हणाली, "चाचा, करा ते म्हणतात तसं. यायच्याशी बोलण्यात जेवढा टाइम जाईन न, तेवढ्यात दोन्ही होतीन."

चाचा बडबडत टाकीकडे वळले. आधी त्यांनी टाकीच्या तोंडावरची सुतळी पाहिली, पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मग टाकीच्या वरची युनिटची चकती सोडवायला लागले. स्क्रू जुने, गंजलेले. प्रत्येक स्क्रूला त्यांनी माझ्या हुशारीबद्दल एक-एक वाक्य वाहिलं. चकती सैल झाली. त्यांनी ती उचलली. ती थोडी वर आली आणि अडकली.

"आतून कोण धरून राह्यलं?" चाचा म्हणाले आणि जोर लावला.

युनिट वर आलं. टाकीतून डिझेल ओढणारी नळी त्याच चकतीला धरून खाली गेलेली असते, तीही आली. आणि त्या नळीच्या तोंडाला घट्ट चिकटून, फ्लोटच्या दांडीभोवती दोन-तीन वेढे घेऊन, ठिबकत, लोंबत बाहेर आली, गुलाबी सॅटिनची झालर.



चाचांनी दोन बोटांनी ती सोडवली. लांबच लांब निघत गेली. तिच्या मागून दुसरी आली. जत्रेतला जादूगार तोंडातून फिती काढतो, तशी. दुसरीला टिकल्याही होत्या.

"ही तं माही झालर!" बायको ओरडली. "दिवाळीपासून शोधून राह्यली मी ही! तुम्ही म्हणे उंदरानं नेली!"

आता उलगडा करायला कोणाची गरज नव्हती. टाकीच्या तोंडातला बोळा रस्त्याच्या हादऱ्याने आत पडायचा. मी येऊन पाहायचो, सुतळी सैल, पिशवी फाटकी, बोळा नाही. वाऱ्याने उडाला, असं ठरवून नवा बोळा कोंबायचो. जाळी तर मीच काढली होती. पहिली झालर आत गेली, तिने फ्लोटला मिठी मारली आणि काटा अर्ध्यावर अडकला. पुढची झालर नळीपाशी गेली. इंजिन चालू असलं की नळी डिझेलबरोबर कापडही ओढून घ्यायची आणि स्वतःचं तोंड स्वतःच बंद करायची. इंजिन थांबलं की कापड हळूहळू सुटायचं आणि ट्रक पुन्हा सुरू. मी त्या प्रत्येक वेळी चहा पीत बसलो होतो.

डेकोरेशनवाल्यांनी झालर हातात घेऊन बारकाईने पाहिली. "शिलाई चांगली आहे," ते म्हणाले. "पण आमी आपलं मंडपालेच लावतो. टाकीचं डेकोरेशन अजून सुरू केलं नाई. काय भाव घेता?"

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. हॉर्न वाजवणारे उतरून पाहायला आले आणि तेही हसले. मी म्हटलं, चला, निदान रस्ता मोकळा व्हायची घाई तरी कोणाला उरली नाही. बायको आधी चिडून हसत होती, मग नुसतीच हसायला लागली. डोळ्यांना पदर लावून, ट्रकच्या चाकाला टेकून. गेल्या आठवड्यात ती हसलीच नव्हती, हे मला ती हसायला लागल्यावर कळलं.

चाचा तेवढे गंभीर होते. त्यांचाही पंपाचा अंदाज चुकला होता ना. घसा खाकरून ते म्हणाले, "मी तं म्हटलंच होतं, इंजिनाले डिझेल पोचून नाई राह्यलं."

"तुम्ही म्हटलं होतं, पंप गेला."

"गेलाच असता. एवढी मोठी साडी ओढून राह्यला होता बिचारा. चांगला पंप आहे तुमचा, मंडपवाले. दुसरा असता तं कवाच मेला असता. जपा त्याले."

नवा पंप कागदातून बाहेर आलाच नाही. नवं युनिटही नाही. चाचांनी जुनंच युनिट पुसलं, दांडी हलवून पाहिली, फ्लोट मोकळा वरखाली झाला, तेच परत बसवलं. टाकीच्या तोंडाला त्यांच्या डिकीतल्या खजिन्यातलं कुठल्याशा दुसऱ्या गाडीचं झाकण घट्ट बसलं. मी चावी फिरवली. वर्षभरात पहिल्यांदा काटा हलला. अर्ध्यावरून निघाला आणि सरळ खाली, तळाला जाऊन बसला.

"परत बिघडला!" मी म्हणालो.

"बिघडला नाई," चाचा म्हणाले. "सुधारला. टाकीत डिझेलच नाई तुमच्या. आवाजावरून वळखता न तुम्ही?"

खरोखरच नव्हतं. झालर नसती तरी गावाबाहेर पडताना आम्ही उभे राहिलो असतो, तिथे तर सावलीही नव्हती. डेकोरेशनवाल्यांनी त्यांच्या जनरेटरचा कॅन आणून ओतला. पैसे देऊ लागलो तर घेईनात. "आजची करमणूक फुकट थोडीच होती," म्हणाले. मला एवढी वर्षं वाटत होतं की हा माणूस माझा शत्रू आहे. एवढ्या चांगल्या माणसाशी शत्रुत्व करण्यात माझी केवढी मेहनत वाया गेली होती!

ट्रक सुरू झाला तो झालाच. खामगाव सुटलं, टेकड्या दिसायला लागल्या, चढाला मी दात आवळून बसलो, पण हा पठ्ठ्या असा चढला की आधीच्या दोन मालकांनाही कधी इतका चढून दाखवला नसेल. बायको म्हणाली, "थांबवा न कुठं, चहा घेऊ आता जरा सुखानं." मी थांबलो नाही. सुख चालत्या गाडीत होतं. काटा तळापासून बोटभर वर होता आणि मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त पाहत होतो. समोरून येणाऱ्या एका बसवाल्याने तसं मला शब्दांत कळवलंसुद्धा.

पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. माणसं खड्ड्यांपाशी उकिडवी बसली होती. कोणी काही विचारायच्या आत मी पहिला खांब उचलला आणि रोवला. भटजींना अजून कुंकू सापडलं नव्हतं, पण मला दम नव्हता. पाइप उभे राहिले, वर कापड चढलं, कनाती ताणल्या गेल्या.    हळदीची परात बाहेर आली तेव्हा मंडप उभा होता. झालर एका बाजूला थोडी कमी पडली. का ते मला माहीत होतं.

त्या बाजूला बायका हळद लावत होत्या आणि मधोमध माझी बायको बसली होती. मला वाटलं होतं, माहेरी ती हे झाकून ठेवील. तिने काहीच झाकलं नाही. चहा, पूल, मोराचा कोच, झालरीवर झालर, सगळं हातवारे करून सांगत होती. वर थोडं स्वतःचंही घालत होती. तिच्या सांगण्यात मी टाकीत डोकं घालून रडलो होतो. बायका पोट धरून हसत होत्या, नवरीच्या तोंडावरची हळद भेगाळली. मी शिडीवर उभा राहून ऐकत होतो आणि मला एका शब्दाचंही वाईट वाटत नव्हतं. पोचल्यानंतरच सांगता येते अशी ती गोष्ट होती, आणि आम्ही पोचलो होतो. तिने मध्येच वर माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले आणि पुढे सांगायला लागली.

मेव्हणा आला. मंडपाखाली उभा राहिला. आढं नव्हतंच, म्हणून कापडाकडे पाहत राहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, एक पाइप हलवून पाहिला. तो हलला नाही. मी शिडीवर, बांधलेलीच गाठ पुन्हा बांधत.

"जवाईबुवा," तो म्हणाला.

"बोला."

"उद्या पंगतीले इकून ऊन येते. म्हाताऱ्या माणसाईच्या डोळ्यावर पडंन." त्याने पश्चिमेकडे बोट केलं. "तिकडं अजून एक कनात मारून द्या. अन् जरा उतरा आता, सकाळपासून काई खाल्लं का नाई तुम्ही? का नुसता चहाच?"

मी आधी कनात मारली. मग उतरलो.